वल्ही कुणाच्या हातात होती? लिपिटरच्या जाहिरातीचा प्रकरण अभ्यास

## नावांविषयी

फायझर या औषध कंपनीने लिपिटर या आपल्या कोलेस्टेरॉलवरच्या गोळीच्या टीव्ही जाहिरातीत डॉ. रॉबर्ट जार्विक यांना ज्या रीतीने दाखवले, त्यावरून उठलेल्या वादाचे हे प्रकरण. ते अमेरिकेत २००६ ते २००८ या काळात घडले. कंपनी, तिचा प्रवक्ता आणि चौकशी करणारे लोकप्रतिनिधी यांची नावे संसदीय कामकाजात आणि तेव्हाच्या वृत्तपत्रांत उघडपणे आलेली असल्यामुळे ती येथे तशीच ठेवली आहेत. ज्यांचा सार्वजनिक जीवनाशी संबंध नव्हता, म्हणजे जाहिरातीत होडी वल्हवणारा माणूस, तक्रारीचे पत्र लिहिणारे संशोधक आणि नंतरच्या जाहिरातीत दिसलेला रुग्ण, त्यांची नावे गाळली आहेत. पर्यायांची चर्चा कंपनीच्या कागदांवरून केलेली नसून उघड घटनाक्रमावरून केलेली आहे.

## पार्श्वभूमी

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू नये असे औषध त्याचे नाव आणि उपयोग सांगून थेट टीव्हीच्या प्रेक्षकाला विकता येते, असे देश दोनच मानले जातात: अमेरिका आणि न्यूझीलंड. अमेरिकेत या जाहिरातींवरचा अधिकार १९६२ च्या कायदादुरुस्तीने अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे आला. टीव्हीवर त्या फोफावल्या मात्र ऑगस्ट १९९७ नंतर, कारण त्या महिन्यात एफडीएने नियमाचा अर्थ बराच सैल केला. तोवर औषधाचे नाव आणि त्याचा उपयोग एका दमात सांगायचा तर धोक्यांचा सविस्तर तपशीलही सोबत द्यावा लागे, आणि मिनिटभराच्या जाहिरातीत ते जमण्यासारखे नव्हते. नव्या मार्गदर्शनानुसार मुख्य धोके बोलून दाखवले आणि उरलेल्या माहितीसाठी फोन नंबर, वेबसाइट, मासिकातली छापील जाहिरात आणि स्वतःचे डॉक्टर यांच्याकडे बोट दाखवले, की भागू लागले. न्यू जर्सीला मुलाकडे सहा महिने राहून परतलेले आपल्याकडचे आई-वडील ज्या जाहिरातींची गंमत सांगतात, ज्यात हसरे आजोबा बागेत नातवाला झोका देत असतात आणि मागे एक आवाज घाईघाईने यकृताच्या विकारांची यादी वाचत असतो, त्या या सवलतीच्या पोटी जन्मल्या.

लिपिटर हे अटोर्वास्टॅटिनचे कंपनीने दिलेले नाव. रक्तातले कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातले हे औषध वॉर्नर-लँबर्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. डिसेंबर १९९६ मध्ये त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि पुढच्या वर्षी ते बाजारात आले. विक्रीत फायझरची भागीदारी होती. २००० मध्ये फायझरने वॉर्नर-लँबर्टच विकत घेतली. २००७ मध्ये लिपिटरची जगभरातली विक्री सुमारे १२.७ अब्ज डॉलर होती, आणि जगात त्याहून जास्त खपणारे दुसरे औषध नव्हते.

एवढ्या खपाच्या औषधाला जाहिरातीची गरज का पडावी? जून २००६ मध्ये मर्क कंपनीच्या झोकोरचे, म्हणजे सिमव्हास्टॅटिनचे, अमेरिकेतले पेटंट संपले आणि त्याच गटातली स्वस्त जेनेरिक गोळी औषधदुकानांत आली. विमा कंपन्यांना आता महागडे लिपिटर सोडून स्वस्त सिमव्हास्टॅटिनकडे वळा असे डॉक्टरांना आणि रुग्णांना सांगण्यात उघड फायदा होता. लिपिटरचे पेटंट २०११ पर्यंत चालणार होते. मधल्या पाच वर्षांत रुग्णाने डॉक्टरांसमोर बसून 'मला लिपिटरच द्या' असे नाव घेऊन म्हणावे, ही कंपनीची गरज होती. नाव घेऊन मागणी यायची तर त्या नावाला विश्वासाचा चेहरा हवा होता.

तो चेहरा डॉ. रॉबर्ट जार्विक यांचा. २ डिसेंबर १९८२ रोजी युटा विद्यापीठात डॉ. विल्यम डीव्रीज यांनी बार्नी क्लार्क या निवृत्त दंतवैद्याच्या छातीत 'जार्विक-७' हे कृत्रिम हृदय बसवले. क्लार्क ११२ दिवस जगले आणि ते सगळे दिवस अमेरिकेच्या वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर मोजले. शस्त्रक्रिया डीव्रीज यांची होती, पण नाव यंत्राचे घराघरांत पोहोचले. चोवीस वर्षांनंतरही 'कृत्रिम हृदयवाले जार्विक' म्हटले की मध्यमवयीन अमेरिकी माणसाला चटकन ओळख पटत असे.

## जाहिरात जशी दिसत होती

२००६ च्या सुरुवातीपासून ही मोहीम चालू झाली. तिच्यातली एक टीव्ही जाहिरात पुढे सगळ्या वादाच्या केंद्रस्थानी आली, म्हणून ती जरा थांबून पाहावी लागते. डोंगरांनी वेढलेले शांत सरोवर. त्यावरून शर्यतीची निमुळती, एकट्याने वल्हवायची होडी पाणी कापत जाते आहे. लांब वल्ही एका लयीत पडत आहेत, होडीतला माणूस साठीकडे झुकलेला पण काटक. मग जवळून दिसणारा चेहरा जार्विक यांचा. ते सांगतात की डॉक्टर असलो म्हणून मला माझ्या कोलेस्टेरॉलची काळजी नाही असे नव्हे. डॉक्टर म्हणून आणि बाप म्हणूनही आपण लिपिटर घेतो याचे समाधान आहे, असा एकूण सूर. सोबत आकडा येतो: हृदयविकाराच्या झटक्याचा धोका ३६ टक्क्यांनी कमी. आकड्याला तारांकन, आणि त्या तारांकनाचा खुलासा बारीक अक्षरांत.

या जाहिरातीत धडधडीत खोटे म्हणावे असे वाक्य शोधू गेले तर ते सहज सापडत नाही. जार्विक यांच्याकडे वैद्यकीय पदवी होती. ते लिपिटर घेत होते. ३६ टक्के हा आकडा एका मोठ्या आणि नीट केलेल्या चाचणीतला होता. या प्रकरणाची गाठ तिथेच आहे.

## अडचण नेमकी कोणती होती

पहिला मुद्दा 'डॉक्टर' या शब्दाचा. जार्विक यांनी १९७६ मध्ये युटा विद्यापीठातून एमडी पदवी घेतली. मराठी वाचकाने येथे सावध राहावे, कारण आपल्याकडे एमडी म्हणजे एमबीबीएसनंतरचे पदव्युत्तर शिक्षण, तर अमेरिकेत ती मूळ पदवी आहे. रुग्ण तपासण्यासाठी तिच्यानंतर रुग्णालयातले प्रशिक्षण आणि राज्याचा परवाना लागतो. जार्विक यांनी ते प्रशिक्षण घेतले नव्हते आणि त्यांच्याकडे परवाना नव्हता. कायद्याने त्यांना कुणालाही लिपिटरची चिठ्ठी लिहून देता आली नसती. ते यंत्रे बनवणारे संशोधक होते, आणि त्या कामात मोठेच होते. पण 'डॉक्टर म्हणून सांगतो' हे शब्द कानावर पडले की ऐकणाऱ्याच्या मनात रक्तदाब मोजणारा, रिपोर्ट वाचणारा, रोज वीस हृदयरुग्ण पाहणारा माणूस उभा राहतो.

दुसरा मुद्दा श्रेयाचा. सुरुवातीच्या जाहिरातींत जार्विक यांचा उल्लेख कृत्रिम हृदयाचे जनक असा होता. कृत्रिम हृदयाच्या संशोधनाचा पाया डॉ. विलेम कोल्फ आणि डॉ. तेत्सुझो अकुत्सु यांनी १९५७ मध्येच घातला होता, जेव्हा क्लीव्हलँडमध्ये त्यांनी एका कुत्र्याला असे हृदय बसवून सुमारे दीड तास जगवले. पुढे युटाला गेलेल्या कोल्फ यांच्याच प्रयोगशाळेत जार्विक १९७१ मध्ये नोकरीला लागले होते.

तिसरा मुद्दा होडीचा, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो हाच. सरोवरावर होडी वल्हवणारे जार्विक नव्हतेच. चित्रीकरण वॉशिंग्टन राज्यातल्या लेक क्रेसेंटवर झाले होते आणि वल्ही होती सिएटल भागातल्या एका कसलेल्या हौशी नौकापटूच्या हातात. सिनेमाच्या भाषेत सांगायचे तर डुप्लिकेट वापरला होता. नायकाच्या जागी दुसऱ्याने उडी मारलेली आपण सिनेमात चालवून घेतो, कारण ती कथा आहे हे तिकीट काढतानाच ठरलेले असते. इथे मात्र वल्हवणारे शरीर हाच औषधाचा पुरावा म्हणून दाखवला जात होता: पाहा, या वयात, ही गोळी घेणारा माणूस कसा आहे. जार्विक यांच्यासोबत अनेक वर्षे काम केलेले ह्यूस्टनच्या टेक्सास हार्ट इन्स्टिट्यूटचे डॉ. फ्रेझियर यांनी तर त्यांना वल्हवता येत नाही, असे वर्तमानपत्राला सरळ सांगून टाकले.

चौथा मुद्दा क्रमाचा. फायझरशी दोन वर्षांच्या करारात जार्विक यांना किमान साडेतेरा लाख डॉलर मिळणार होते. संसदीय समितीला मिळालेल्या कागदपत्रांतून असे पुढे आले की, त्यांनी लिपिटर घेणे सुरू केले ते कंपनीशी नाते जुळल्यानंतर. म्हणजे 'मी घेतो' हे वाक्य खरे होते. पण प्रेक्षकाच्या डोक्यात क्रम असा बसत होता की या तज्ज्ञाने आधी औषध निवडले, त्याला ते मानवले आणि मग तो सांगायला आला. प्रत्यक्षात क्रम उलटा होता.

पाचवा मुद्दा ३६ टक्क्यांचा. माझ्या मते सर्वांत वजनदार हाच होता, आणि चर्चा सर्वांत कमी त्याचीच झाली. हा आकडा २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅस्कॉट' चाचणीतला. उच्च रक्तदाब आणि आणखी किमान तीन धोके असलेले, पण तोवर हृदयाच्या धमन्यांचा आजार न झालेले १०,३०५ लोक तिच्यात होते. ५,१६८ जणांना अटोर्वास्टॅटिन दिले, ५,१३७ जणांना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी. सरासरी सव्वातीन वर्षांनंतर फरक इतका स्पष्ट दिसला की चाचणीचा हा भाग मुदतीआधीच थांबवला गेला. हृदयविकाराचा झटका किंवा त्या आजाराने मृत्यू, अशा घटना औषध घेणाऱ्यांत १०० आणि न घेणाऱ्यांत १५४ झाल्या होत्या. टक्क्यांत मांडले तर १.९ विरुद्ध ३. तीनवरून दोनच्या आत येणे म्हणजे सुमारे एक तृतीयांश घट, आणि म्हणून ३६ टक्के. तेच दुसऱ्या बाजूने मोजले तर सव्वातीन वर्षे रोज गोळी घेणाऱ्या साधारण नव्वद ते शंभर जणांमागे एकाचा झटका टळला. एकूण मृत्यूंतला फरक त्या काळात संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही.

हा फायदा क्षुल्लक नाही. कोट्यवधी लोकांच्या देशात शंभरात एक म्हणजे हजारो कुटुंबे, आणि ज्यांना आधीच झटका येऊन गेला आहे त्यांच्यात स्टॅटिनचा फायदा याहून मोठा असतो. प्रश्न औषधाच्या चांगुलपणाचा नाहीच. '३६ टक्के' ऐकणाऱ्या माणसाला वाटते की शंभरातले छत्तीस वाचतात, आणि तो समज दुरुस्त करणारे वाक्य तारांकनाच्या आड बारीक अक्षरांत होते. जार्विक यांचा चेहरा आणि सरोवराचे पाणी यांनी नजर मोठ्या अक्षरांवर खिळवून ठेवली. बारीक अक्षरांकडे ती वळावी अशी रचनाच नव्हती.

## पहिला निर्णयबिंदू: ऑगस्ट २००६

जार्विक यांच्या युटामधल्या तीन जुन्या सहकाऱ्यांनी फायझरकडे तक्रार केली की, कृत्रिम हृदयाचे जनक हा उल्लेख चुकीचा आहे आणि तो मान कोल्फ व अकुत्सु यांचा आहे. कंपनीने तक्रार धुडकावली नाही. उल्लेख बदलून 'जार्विक कृत्रिम हृदयाचे जनक' असा केला. एक शब्द वाढवला आणि वाक्य निर्दोष झाले.

माझ्या मते प्रकरणाचा खरा निकाल इथेच लागला, दीड वर्षानंतर नव्हे. बाहेरच्या तिघांनी कंपनीला फुकटात दाखवून दिले होते की, प्रवक्त्याच्या ओळखीबद्दल लोकांची समजूत आणि वस्तुस्थिती यांत अंतर पडते आहे. तेव्हा कंपनीपुढे दोन वाटा होत्या. चुकीचा ठरलेला शब्द दुरुस्त करून पुढे जायचे. किंवा त्या निमित्ताने पूर्ण जाहिरात एकदा उलटून पाहायची, हा माणूस कोण आहे, कोण नाही, होडीत कोण आहे, गोळी कधीपासून घेतो, आणि यातले काय प्रेक्षकाला ठाऊक आहे. कंपनीच्या कृतीतून पहिली वाट दिसते. 'जार्विक कृत्रिम हृदय' हा शब्दप्रयोग वकिलाला पुरतो. टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला 'कृत्रिम हृदय' आणि 'जार्विक कृत्रिम हृदय' यांतला फरक ऐकूही येत नाही.

अशी चूक का होते, हे समजण्यासारखे आहे. औषधाच्या जाहिरातीची अंतर्गत तपासणी वाक्यांची होते. प्रत्येक दाव्यापुढे पुरावा लागतो, प्रत्येक आकड्यापुढे शोधनिबंध. चित्राला, पोशाखाला, होडीला पुरावा कुणी मागत नाही. गंमत अशी की अमेरिकेतच, इतर मालाच्या जाहिराती पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनकडे जाहिरात तिच्या एकंदर ठशावरून जोखण्याची रीत जुनी आहे: सुटी वाक्ये खरी असली तरी पाहणाऱ्याच्या मनावर उमटणारे चित्र फसवे असेल तर जाहिरात फसवी. चिठ्ठीवरच्या औषधांच्या जाहिराती मात्र एफडीएकडे, आणि एफडीएला त्या प्रसारणापूर्वी मंजूर करून घ्या असे सरसकट बंधन घालता येत नाही.

## दुसरा निर्णयबिंदू: जानेवारी आणि फेब्रुवारी २००८

जानेवारी २००८ च्या सुरुवातीला प्रतिनिधिगृहाच्या ऊर्जा व वाणिज्य समितीचे अध्यक्ष जॉन डिंगेल आणि चौकशी उपसमितीचे अध्यक्ष बार्ट स्टुपॅक या मिशिगनच्या दोन्ही प्रतिनिधींनी औषधांच्या जाहिरातींतल्या नामवंतांची चौकशी सुरू केली आणि फायझरकडे जार्विक यांच्यासंबंधीची कागदपत्रे मागितली. परवाना नसलेला माणूस वैद्यकीय सल्ला देतो आहे असा भास होतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

जार्विक यांनी आपली बाजू मांडली, आणि ती ऐकून घेण्यासारखी आहे. त्यांचे वडील वयाच्या ६२ व्या वर्षी हृदयविकाराने गेले होते आणि त्या दुःखातूनच आपण वैद्यकाकडे वळलो, असे ते म्हणाले. आपण रुग्ण तपासत नाही हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. पण लिपिटरच्या चाचण्यांचे निष्कर्ष समजण्याइतके शिक्षण आणि अनुभव आपल्याजवळ आहे, हेही ठामपणे मांडले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. हेच निवेदन दोन वर्षे आधी, जाहिरातीतच, ठळक अक्षरांत आले असते तर प्रकरण कदाचित उभेच राहिले नसते.

त्याच महिन्यात एका नामांकित अर्थविषयक साप्ताहिकाने मुखपृष्ठावर स्टॅटिनच्या फायद्याचा प्रश्न घेतला आणि लिपिटरच्या जाहिरातीतल्या बारीक अक्षरांचा अर्थ वाचकांना उलगडून दाखवला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला न्यूयॉर्क टाइम्सने होडीची हकीकत छापली. गंभीर आरोप परवान्याचा आणि आकड्यांचा होता. विनोद मात्र होडीवर झाले, आणि कंपनीला झोंबले तेही विनोदच असावेत असा माझा अंदाज आहे.

## कंपनीपुढचे पर्याय

जानेवारीपासून पाहिले तर चार मार्ग दिसतात.

जाहिरात चालू ठेवून संसदेला कायदेशीर उत्तर देत राहणे हा पहिला. त्यासाठी सामग्री होती, कारण वाक्य न् वाक्य पुराव्यावर उभे होते. पण समितीला कागदपत्रे मिळत होती आणि दर आठवड्याला नवा तपशील बाहेर पडत होता.

दुसरा मार्ग जाहिरातीत खुलासा घालण्याचा: हे संशोधक आहेत, रुग्ण तपासत नाहीत, त्यांना या कामाचे मानधन मिळते, होडीत दुसरी व्यक्ती आहे. प्रामाणिकपणाच्या दृष्टीने हा सरळ मार्ग, आणि व्यापाराच्या दृष्टीने बहुधा सर्वांत निरुपयोगी, कारण असा खुलासा घातला की जाहिरातीत विकण्यासारखे काय उरते? प्रवक्ता योग्य होता की नाही याचे उत्तर या एका प्रश्नातच मिळते. खुलासा केल्यावर ज्याची शिफारस फिकी पडते, तो मुळात खुलासा नसल्यामुळेच उपयोगी पडत होता.

जार्विक यांना पूर्ण वगळणे हा तिसरा मार्ग, आणि त्यांच्या जागी नामवंताऐवजी रुग्ण आणणे हा चौथा. कंपनीने आधी तिसरा धरला आणि काही महिन्यांत चौथा.

## काय केले

२५ फेब्रुवारी २००८ रोजी फायझरने जार्विक यांच्या जाहिराती मागे घेत असल्याचे जाहीर केले. तेव्हा कंपनीचा जागतिक औषधव्यवसाय सांभाळणारे इयन रीड यांनी निवेदनात मान्य केले की, जार्विक यांना ज्या पद्धतीने सादर केले गेले त्यातून गैरसमज निर्माण झाले आणि लक्ष मूळ विषयावरून ढळले. याबद्दल खेद व्यक्त करून, यापुढे प्रवक्त्यांच्या सादरीकरणात अधिक स्पष्टता ठेवू असे आश्वासनही दिले. निवेदनात दोष सादरीकरणाकडे गेला. आकड्यांच्या मांडणीविषयी त्यात काही नव्हते.

वर्षाच्या उत्तरार्धात नवी जाहिरात आली. तिच्यात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला एक सामान्य माणूस स्वतःची हकीकत सांगत होता.

## परिणाम

पैशाच्या हिशेबात धक्का मोठा दिसत नाही. जानेवारी २००६ ते सप्टेंबर २००७ या काळात लिपिटरच्या जाहिरातींवर सुमारे २५.८ कोटी डॉलर खर्च झाले होते. २००८ मध्ये जगभरातली विक्री १२.४ अब्ज डॉलरवर आली, आणि त्या घसरणीचे श्रेय जार्विक प्रकरणापेक्षा स्वस्त सिमव्हास्टॅटिनलाच जास्त जाते. ३० नोव्हेंबर २०११ रोजी लिपिटरचेही पेटंट संपले.

नियमांच्या बाजूने ८ मे २००८ रोजी उपसमितीपुढे औषधांच्या जाहिरातींवर सुनावणी झाली. नवा कायदा आला नाही. पण औषध कंपन्यांच्या 'फार्मा' या संघटनेने डिसेंबर २००८ मध्ये आपली ऐच्छिक आचारसंहिता दुरुस्त केली आणि ती मार्च २००९ पासून लागू झाली. नामवंताची शिफारस त्याचे खरे मत किंवा खरा अनुभव दाखवणारी असावी, तो औषध वापरतो की नाही यासह शिफारशीचा आधार कंपनीने तपासून ठेवावा, डॉक्टरच्या भूमिकेत नट असेल तर तसे सांगावे आणि खरा डॉक्टर असेल तर त्याला मोबदला मिळाल्याचे सांगावे, अशा अपेक्षा तिच्यात आहेत. जार्विक प्रकरण समोर ठेवून एकेक ओळ वाचली तर कोणती ओळ कशावरून आली हे सांगायला लागत नाही. आचारसंहिता ऐच्छिक होती, आणि नामवंत टीव्हीवरून फोनवर सरकले तेव्हा जुनेच प्रश्न नव्या जागी उगवले. ऑगस्ट २०१५ मध्ये एफडीएने गर्भवतींच्या मळमळीवरच्या एका औषधाच्या उत्पादकाला इशारापत्र पाठवले, कारण किम कार्डाशियन यांच्या इन्स्टाग्रामवरच्या शिफारशीत धोक्यांचा पत्ताच नव्हता. तिथे मात्र धोके सांगणारी दुरुस्त शिफारस पुन्हा टाकायला लावली.

जार्विक यांचे मे २०२५ मध्ये निधन झाले. त्यांच्या कामाचा वारसा असलेली यंत्रे रुग्णांना जगवण्यासाठी वापरली गेली आहेत, आणि दोन वर्षांच्या एका करारावरून त्यांच्या आयुष्याचे माप काढणे अन्यायाचे होईल.

## आपल्याकडच्या नियमांच्या चौकटीत

अटोर्वास्टॅटिन भारतात शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत आहे, आणि केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय अशा औषधाची जाहिरात करता येत नाही. नोंदणीकृत डॉक्टरला २००२ च्या व्यावसायिक आचारनियमांनुसार जाहिरातीसाठी कोणत्याही औषधाची शिफारस देता येत नाही, पैसे घेऊन वा न घेता. त्यामुळे हेच प्रकरण याच रूपात इथे घडणे कठीण. आपल्याकडची गळती दुसऱ्या बाजूने होते: चूर्णे, पूरके, 'शुगर कंट्रोल'च्या बाटल्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीत झळकणाऱ्या नामवंताला १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आपण दावा नीट पडताळून पाहिला होता हे दाखवता आले तर त्याला सुटकाही आहे. जार्विक यांच्यावर ही कसोटी लावली असती तर ते बहुधा सुटले असते, कारण दावा समजून घेण्याची पात्रता त्यांच्यात भरपूर होती. दाव्याची पडताळणी आणि सादरीकरणाची पडताळणी या दोन गोष्टी आहेत, आणि तरतुदीचा रोख पहिलीवर आहे.

## वेगळे काय करता आले असते

करार करण्याआधी एक साधा प्रश्न पुरला असता: तुम्ही हे औषध आज घेता का? उत्तर 'नाही' असेल तर जाहिरातीतून 'मी' काढायचा. संशोधक म्हणून चाचणी समजावून सांगणारे जार्विक चालले असते. स्वतःच्या समाधानाची ग्वाही देणारे जार्विक तेव्हा उपलब्धच नव्हते.

होडीच्या बाबतीत मी बराच विचार केला, कारण पहिल्या वाचनात हा आक्षेप पोरकट वाटतो. पण जार्विक यांना जे खरोखर येत होते, म्हणजे प्रयोगशाळेत टेबलाशी बसून हृदयाच्या पंपाचे भाग हातात घेऊन समजावणे, ते दाखवायला कुणाची ना नव्हती. त्याऐवजी त्यांना न येणारी गोष्ट निवडली गेली, कारण ती प्रकृतीचा पुरावा म्हणून चालत होती.

तपासणीत औषधशास्त्र किंवा कायदा न शिकलेल्या पाच-सहा जणांना जाहिरात दाखवून नंतर विचारायला हवे होते: हा माणूस काय काम करतो, होडी कोण चालवत होते, शंभर जणांनी गोळी घेतली तर कितींना फायदा? ऑगस्ट २००६ च्या पत्रानंतर तरी हे एका दुपारचे काम होते.

आकड्याच्या जागी जार्विक यांच्याच तोंडी असे काही देता आले असते: 'रक्तदाब आणि आणखी तीन धोके असलेल्या शंभर जणांनी ही गोळी तीनेक वर्षे रोज घेतली, तेव्हा दोघांना झटका आला, न घेणाऱ्या शंभरांत तिघांना आला. मी हृदयाची यंत्रे बनवतो, रुग्ण तपासत नाही, आणि हे सांगण्याचे मला पैसे मिळाले आहेत.' मोठ्याने वाचायला साधारण पंधरा सेकंद लागतात.